आधी उतार, मग चढ : इंदूरभोवती पायी आणि सायकलवर निघण्यापूर्वी

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन इंदूरला, सुदामानगरात आले तेव्हा अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर पायाखालून गेलेले होते आणि माळवा म्हणजे सपाट, एवढंच डोक्यात होतं. पहिल्याच ऑक्टोबरात आम्ही चौघं चोरलच्या बाजूला एका खोहात, म्हणजे खोल अरुंद दरीत, उतरलो. सकाळी साडेसातला निघालो, सागाच्या पानांतून गप्पा मारत खाली गेलो, नदीत पाय सोडून बसलो, पराठे संपवले. दुपारी एकला परत फिरलो तेव्हा माझ्या दोन लिटरच्या बाटलीत चार बोटं पाणी उरलं होतं आणि समोर सगळा चढ. अर्ध्यावर पोटऱ्यांत गोळे आले. वर पोहोचल्यावर एका टापऱ्यापाशी, म्हणजे झोपडीपाशी, म्हातारीने काही न विचारता मडक्यातलं पाणी ओंजळीत ओतलं. माझं पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाली, "दोपहर में कोई चढ़ता है क्या?"

त्यानंतर नऊ वर्षं इथेच फिरते आहे. महाराष्ट्रातून नोकरीला आलेले, किंवा इंदूरचेच पण आजवर पिकनिकपुरतेच पातालपानीच्या धबधब्याला गेलेले बरेच जण मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवते.

१. आधी पाणी कुठे जातं ते समजून घ्या

इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. शहरातली कान्ह उत्तरेला वाहत क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे राजवाड्यावर पडलेला पाऊस शेवटी गंगेत जातो. पण दक्षिणेला तीस-चाळीस किलोमीटर गेलात की पठार एकदम संपतं. ती विंध्याची कड. तिथलं चोरल नदीचं पाणी कडेवरून खाली निमाडात, म्हणजे नर्मदेकाठच्या सखल भागात, उतरतं आणि नर्मदेला मिळतं. नर्मदेचा काठ समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्याही खाली आहे.

याचा चालणाऱ्याला अर्थ असा की इंदूरहून निघणारा माणूस मुळातच वर उभा असतो. सह्याद्रीत किल्ला चढताना दम संपला तर मागे फिरायचं, मागे उतारच असतो. इथे ताजे असताना उतरता आणि दमल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर चढता. सायकलवर तर हा फरक फारच जाणवतो, कारण उतारावर दहा किलोमीटर कसे गेले ते कळतही नाही.

म्हणून वाटांचे दोनच प्रकार मनात धरा: कडेच्या वरच्या आणि कडेखालच्या. पहिले दोन-तीन महिने फक्त वरच्या करा.

२. महिना निवडा

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाले वाहते असतात, गवत कमरेखाली आलेलं असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे इतकी थंडी असते की हातमोज्यांशिवाय ब्रेक दाबवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पण साग तोवर निष्पर्ण झालेला असतो. सावली म्हणून काही नाही, आणि वाळक्या मोठ्या पानांचा थर इतका की खालचा दगड दिसत नाही. घोटे इथेच मुरगळतात. एप्रिल-मेमध्ये खोहात उतरू नका. आगीही लागतात.

पावसाळ्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण सगळ्यांना जायचं त्याच वेळी असतं.

एक तारीख लक्षात ठेवा: १४ एप्रिल. महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव, त्या दिवशी देशभरातून माणसं येतात. दर्शनाला अवश्य जा, सायकल घेऊन त्या रस्त्याला लागू नका.

३. पहिल्या तीन फेऱ्या, याच क्रमाने

पहिली पायी, रालामंडलला. शहरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर, बायपासच्या जवळ. १९८९ पासून हे अभयारण्य आहे, माथ्यावर होळकरांचं शिकारगाह उभं आहे. तिकीट काढायचं, आखलेल्या वाटेने चढायचं, चितळं किंवा नीलगाय दिसली तर बघायची, उतरायचं. "एवढंच?" असं वाटेल. वाटू द्या. बूट चावतात का, आपण तासाला किती पाणी पितो, बरोबरचे लोक किती बोलतात, हे सगळं इथे कळतं. वाट सोडून आत जाऊ नका. अभयारण्यात तो गुन्हा आहे.

दुसरी सायकलवर, गुलावटला. हातोदकडून गेलात तर एका बाजूला पंचवीसेक किलोमीटर, जवळजवळ सपाट. गंभीर नदीवरच्या यशवंतसागराच्या फुगवट्यात इथे कमळं फुलतात. यशवंतसागर आणि शहरालगतचा सिरपूर तलाव, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेले, तेव्हा हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जा. या रस्त्यावर एक सापळा असा की ऑक्टोबरात शेतकरी डांबरावरच सोयाबीन वाळत घालतात. त्यावर टायर म्हणजे गोट्यांवर पाय. उतरा आणि हातात धरून काढा. दाणे तुडवू नका, कुणाची तरी वर्षभराची कमाई आहे ती.

तिसरी महूमार्गे पातालपानी. इंदूरहून पस्तीसेक किलोमीटर. पठार कसं संपतं ते इथे डोळ्यांना दिसतं: शेतं, शेतं, आणि एकदम तीनशे फुटांची दरी, तिच्यात चोरल कोसळते. कठड्यापाशी उभं राहून बघा, खाली उतरायचं नाही. जवळच टंट्या मामांचं देवस्थान आहे. इंग्रजांनी १८८९ मध्ये फाशी दिलेला हा भिल्ल वीर इथल्या लोकांचा देव आहे. चप्पल काढून दोन मिनिटं थांबलात तर गावकऱ्यांचा तुमच्याशी बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

हे तीन झाले की जानापाव करा. आठशे मीटरहून उंच डोंगर, परशुरामाचं स्थान, आणि चंबळेचा उगम. सायकलस्वारांसाठी शेवटचा चढ कस पाहणारा आहे. इथे मात्र सह्याद्रीचा नियम लागतो, चढ आधी. कार्तिक पौर्णिमेला जत्रा असते, तेव्हा टाळा किंवा मुद्दाम जत्रेलाच जा.

कडेखालच्या वाटा, म्हणजे कजलीगढ, चोरल, मानपूरकडचे खोह, यानंतर. आणि कुणीतरी आधी गेलेला बरोबर असेल तरच.

४. कागदपत्रं आणि परवानगी

रस्त्यावरून सायकल चालवायला काही लागत नाही. पण कडेखालचं बरंचसं जंगल राखीव आहे, आणि १९२७ च्या वन कायद्यात विनापरवानगी घुसणं गुन्ह्यात मोडतं. मुक्काम, शेकोटी, मोठा गट, यांपैकी काहीही असेल तर आधी वनखात्याकडे अर्ज करा.

जवळ ठेवा:
- आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रत. महूत छावणी आहे, लष्करी भागात केव्हाही विचारतात.
- गटातल्या सगळ्यांची नावं, वयं, मोबाइल क्रमांक आणि घरच्यांचा एक क्रमांक असलेला कागद, दोन प्रती. एक तुमच्याकडे, एक घरी फ्रिजवर.
- अर्जाची शिक्का मारलेली पोच, अर्ज केला असेल तर.
- कुणाला दमा, मधुमेह असेल तर औषधाची चिठ्ठी.

अर्ज हिंदीत लिहा. "परिक्षेत्र अधिकारी महोदय" अशी सुरुवात, तारीख, किती जण, कुठून कुठे, किती वाजता परत. मी पहिला अर्ज मराठी वळणाच्या हिंदीत दीड पान लिहिला होता. बाबूने वाचून विचारलं, "मॅडम, जाना कहाँ है?" मुद्द्याच्या पाच ओळी पुरतात.

काही शब्द कानाला सवयीचे करून घ्या. वनरक्षकाला इथे नाकेदार म्हणतात, भिल्लांच्या वस्तीला फलिया, खोल अरुंद दरीला खोह, आणि नाल्यावरच्या बुटक्या फरशी पुलाला रपटा. रपटा हा शब्द तर पाठच करा.

महूच्या भोवती लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. लाल झेंडा किंवा पाटी दिसली की वाट कितीही छान असो, फिरा मागे.

५. सायकल : काळी माती आणि बाभूळ

महागडी सायकल नको. पावणेदोन ते दोन इंची, खाचांचे टायर असलेली, गिअर सुटसुटीत पडणारी कोणतीही चालेल. रेसची बारीक टायरवाली मात्र डांबर सोडून न्यायची नाही.

काळ्या मातीचा अनुभव घेतल्याशिवाय तिची भीती बसत नाही. जुलैच्या एका सकाळी सिमरोलच्या अलीकडे मी शेतातली वाट धरली, दोनशे मीटर वाचवायला. पहिल्या दहा मीटरांत टायर दुप्पट जाड झाला. विसाव्या मीटरला मडगार्ड आणि टायरच्या मधली जागा गच्च भरली आणि चाक थांबलं. ढकलायला गेले तर चाक फिरेना, नुसतंच घसरत राहिलं. सायकल खांद्यावर घेतली, तर बुटांच्या तळाला एकेक किलोचे लाडू. पळसाच्या काटकीने माती उकरत बसले, पाऊण तास. दोनशे मीटर वाचवायला!

तेव्हा पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवा, कच्ची वाट ओली दिसली की वळा, आणि पिशवीत रंगाऱ्याची छोटी पत्री टाका. कोरड्या हंगामात हीच माती टणक होऊन भेगाळते. पुढचं चाक भेगेत आडवं न जाईल एवढं बघा.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. दोन जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, पॅच, सोल्युशन, षटकोनी चाव्यांचा संच आणि एक चिमटा, हे ठेवाच. बहुतेक नवखे ट्यूब बदलतात, हवा भरतात आणि शंभर मीटरवर पुन्हा बसतात. कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. टायरच्या आतून रुमाल फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काटा. चिमट्याने ओढा, मगच नवी ट्यूब घाला. हे घरी अंगणात दोनदा करून बघा, रस्त्याच्या कडेला शिकायची ती गोष्ट नाही.

खंडवा रस्त्याचा भेरूघाट आणि आग्रा-मुंबई रस्त्याचे मानपूरपुढचे घाट सायकलला वर्ज्य समजा. ट्रक भरधाव येतात, ब्रेक निकामी होऊन अपघात होतात. चोरलकडे जायचं तर सायकल गाडीत टाकून न्या.

६. परत फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा

माझा हिशेब असा: उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला. सात वाजता उतरायला सुरुवात केली, साडेआठला तळाशी पोहोचलात, तर चढायला तीन तास धरा. म्हणजे तळ साडेनऊला सोडायचाच, नाही तर शेवटचा चढ भर उन्हात. "अजून त्या वळणापर्यंत जाऊन येऊ" असं म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

पाणी थंडीत माणशी तीन लिटर, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये चार. अर्धं संपलं की परत फिरा असं महाराष्ट्रात म्हणतो, इथे एक तृतीयांश संपलं की फिरा. मीठ-साखरेच्या पुड्या ठेवा. पोहे-जिलबी खाऊन निघायला हरकत नाही, आमच्या घरी त्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत, पण वाटेसाठी शेव नको. घसा कोरडा पडतो. गूळ-शेंगदाणे, दशमी, पेरू.

वाटेत अंतर विचारलंत तर "बस, ये रहा, दो किलोमीटर" असंच उत्तर मिळेल. त्यांच्या पायांनी ते दोनच असतात. अंतर विचारू नका, "जाने में कितना टेम लगेगा" विचारा, आणि त्यात निम्म्याने भर घाला.

खोहात मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधी उतरवून घ्या, आणि वर कडेवर असतानाच घरी सांगा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं.

७. धबधबे

इथे जीव जातात, म्हणून जरा थांबून वाचा. २०११ च्या जुलैत पातालपानीला प्रवाहात उभी असलेली माणसं अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेली. त्या वेळी आजूबाजूला शंभरावर लोक असतील, कुणाला काही करता आलं नाही.

हे कसं होतं ते माझ्या सासूबाईंनी इंदुरी मराठीत एका वाक्यात सांगितलं होतं: "बाई, पाऊस तिकडे महूच्या मागे होऊन राहिला असतो, तुला इथे ऊन दिसतं." पठारावरचं विस्तीर्ण, उथळ पाणी एका नाल्यात गोळा होतं आणि कडेवरून एकदम खाली येतं. तुमच्या डोक्यावर ढग असायची गरजच नाही.

खुणा तीन. पाणी नितळाचं गढूळ होणं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागणं, आणि वरून घरघर वाढणं. यातली एक जरी जाणवली तरी चपला, डबे, मोबाइल काहीही उचलत न बसता काठावर चढा. पुलावरून पाणी जात असेल तर रपटा ओलांडू नका. गुडघ्याएवढं वाहतं पाणीही पाय उचलतं, आणि खालची फरशी शेवाळलेली असते. पाणी उतरेपर्यंत बसा.

तिंछा आणि इतर धबधब्यांवर पावसाळ्यात प्रशासन बऱ्याचदा बंदी घालतं. बाजूच्या शेतातून "चोर रस्ता" दाखवणारी पोरं भेटतील, पन्नास रुपयांत. नको. कडांवर आग्या मोहोळं असतात, तिथे सेंट मारून आणि सिगारेट पेटवून जाणाऱ्यांना माश्याच समज देतात.

८. रुळांवरून चालू नका

पातालपानी ते कालाकुंड हा टप्पा पूर्वी रुळांवरूनच चालत करायची पद्धत होती, अजूनही लोक सुचवतात. रेल्वेमार्ग मोठा देखणा. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी याच रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं. घाटात दर चाळीस मीटरला एक मीटर असा चढ, बोगदे, खोल पूल. पण रुळांवर विनापरवानगी चालणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे पुलावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

२०१८ च्या डिसेंबरपासून या तुकड्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली. तिच्या फेऱ्या बारा महिने नसतात, तिकीट आधी बघा. गाडीने कालाकुंडला उतरा, पळसाच्या पानातला कलाकंद खा, नदीकाठी थोडं चाला, गाडीनेच वर या. चढ इंजिनावर सोडून द्यायची ही एकच वाट आहे.

९. जनावरं आणि माणसं

महू, मानपूर, चोरल या पट्ट्यात बिबट्या आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात महूच्या परिसरात वाघही फिरत होता. घाबरून घरी बसायचं कारण नाही, पण पहाटेच्या अंधारात आणि पाचनंतर जंगलवाटेवर राहू नका, कानात गाणी लावू नका, लहान मुलांना मागे-पुढे सुटं सोडू नका. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो, खोहात त्याच्या तासभर आधीच अंधारतं.

साप चावला तर बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. अवयव हलू न देता सरकारी रुग्णालय गाठायचं, १०८ ला फोन करायचा. इंदूरला एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय.

जास्त त्रास खरं तर गावातल्या कुत्र्यांचा. सायकल पळवलीत की ती मागे लागणारच. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत वस्ती ओलांडा.

फलियातून जाताना "राम राम" म्हणा. "कहाँ जा रिये हो?" हा प्रश्न चौकशी नसून स्वागत आहे, नीट उत्तर द्या. संध्याकाळी तुम्ही परतला नाहीत तर तोच माणूस सांगू शकेल तुम्ही कुठे वळलात. मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटे मोहाची फुलं वेचत असतात. झाडाखालची झाडलेली जागा त्यांची, तिथे डबा उघडून बसू नका, न विचारता फोटो काढू नका.

१०. घरी आल्यावर

आधी फोन करून आलो म्हणून सांगा, ज्यांना सांगून गेला होतात त्यांना. मग सायकल, अंघोळ नंतर. काळी माती ओली असते तोवर बादलीभर पाण्यात निघते, रात्रभर राहिली की साखळीत सिमेंट होते. जोराचा पाइप मारू नका, आतलं ग्रीस जातं. कपड्याने पुसा, साखळीला तेल द्या, टायर हाताने फिरवून काटे काढा. बूट वर्तमानपत्र कोंबून सावलीत. आणि हे सगळं जिन्याखाली करा. एकदा मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत धुतलं होतं, खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर.